गिरणीच्या कोपऱ्यावरची दुसरी रेघ

माझे सासरे गवंडी. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, लहानथोर सगळे मिस्त्रीच म्हणतात. सासूबाईसुद्धा चिडल्या की विचारतात, "अहो मिस्त्री, जेवायला उतरताय, की परांचीवरच ताट पाठवू?" मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुझ्या माहेरच्या घराच्या भिंती केवढ्या जाडीच्या आहेत गं?" मी बी.ए. झालेली, पण हे काही अभ्यासक्रमात नव्हतं. मी आपली दोन तळहात लांब धरून अंदाजे जाडी दाखवली. "एवढ्या? मग बऱ्या आहेत," म्हणाले, आणि त्यांच्या लेखी माझी ओळख पूर्ण झाली.

कुणाकडे चहाला गेले तरी त्यांचं लक्ष भिंतीकडे. यजमान बोलत असतो आणि हे मागे हात नेऊन बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत असतात. स्वतःच्या कामाबद्दल मात्र चकार शब्द नाही. आणि एक गोष्ट माझ्या फार लवकर लक्षात आली, "चुकलं" हा शब्द त्यांच्या तोंडून येत नाही. ओळंबा लावून भिंत तिरकी दिसली तर कुणाला न सांगता ती उतरवतील, पुन्हा रचतील, दोन दिवस फुकट घालवतील. पण चुकलं म्हणणार नाहीत.

आमचं गाव दोन तुकड्यांत आहे. खालची आळी नदी आणि ओढा यांच्या बेचक्यात, वरची आळी आणि शाळा टेकडीवर. खालून वर जायचं तर ओढ्यावरचा फळ्यांचा पूल. दुसरी वाट होती, ती डोंगर खचला त्या साली मातीखाली गेली. इथं वयं अशीच सांगतात. अमकी गारांच्या सालची, तमका वादळाच्या सालचा, कारण त्या वादळात त्याच्या घराचा पत्रा नदीपलीकडे सापडला आणि त्याच दिवशी तो जन्मला. यातल्या प्रत्येक सालानंतर मिस्त्रींनी आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी खालच्या आळीतलं घरन्‌घर कधी ना कधी पुन्हा उभं केलेलं आहे.

नदीच्या काठावर पिठाची गिरणी आहे. तिच्या दगडी कोपऱ्यावर, एकीवर एक, दोन दोन फुटांच्या अंतरानं तीन रेघा कोरलेल्या. नदीला पाणी चढायला लागलं की गाव त्या कोपऱ्याकडे बघतं. पाणी पहिल्या रेघेला लागलं की गुरं आणि म्हातारी माणसं वर शाळेत. दुसरीला लागलं की सगळे. तिसरी रेघ मिस्त्रींच्या आजोबांच्या वेळच्या पुराची. तिच्यापर्यंत पाणी पुन्हा कधी गेलेलं नाही. दुसऱ्या रेघेलाच का निघायचं, तर त्या वेळी पुलाच्या फळ्यांखाली दीड फूट मोकळं असतं. अख्ख्या आळीला ओढा ओलांडायला तेवढं पुरतं.

रेघेच्या आधी मात्र कुणी हलत नाही. त्यालाही कारण आहे. एका साली एक गृहस्थ पहिल्याच रेघेला "पळा, पळा" करत आळीभर धावले. लोक भरल्या ताटांवरून उठून टेकडीवर गेले. पाणी तासाभरात उतरलं आणि मागे राहिलेल्या माकडांनी सगळ्यांची घरं धुंडाळली. त्या गृहस्थांचं नाव तेव्हापासून पळाकाका. आता ते सत्तरीचे आहेत, अजूनही रस्त्यात दिसले की कुणीतरी विचारतंच, "काय पळाकाका, आज कुठवर?" त्यामुळे रेघेआधी घर सोडणं ही आमच्याकडे भित्रेपणाची परमावधी.

अकरा वर्षांपूर्वी भूकंप झाला. माणसं वाचली, पण गिरणीचा तोच कोपरा ढासळला. मिस्त्रींनी खाली पडलेला एकेक दगड ओळखून कोळशानं त्यावर आकडे घातले आणि कोपरा होता तसा, सांध्याला सांधा जुळवून पुन्हा रचला. गाव बघायला लोटलं. "वा मिस्त्री! भूकंप झालाय हे भिंतीला कळलंसुद्धा नाही!" असं गिरणीवाले सगळ्यांदेखत म्हणाले.

पण कोपरा रचण्याआधी गिरणीवाल्यांनी जोतं उचलून मागितलं होतं. दर पावसाळ्यात पिठाला ओल धरते म्हणून दोन थर वाढवा म्हणाले, मिस्त्रींनी वाढवले. दोन थर म्हणजे दोन फूट. आणि मग त्या उचललेल्या जोत्यावर आकडे घातलेले दगड, आधीच्या क्रमानं, एकही न चुकता. रेघाही अर्थात त्यांच्याबरोबर दोन फूट वर गेल्या. आठ दिवसांनी मिस्त्री पुलावर उभे होते. पूर्वी तिथून दुसरी रेघ फळ्यांच्या पातळीखाली दिसायची, आता वर दिसत होती. गवंड्याच्या डोळ्यालाच दिसावी अशी गोष्ट. नव्या रेघा कोरायच्या तर का ते सांगावं लागणार. येत्या उन्हाळ्यात बघू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. नदी अकरा वर्षं पहिल्या रेघेपर्यंतही आली नाही, आणि तो उन्हाळाही आला नाही.

हे गावात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

त्या दिवशी वरच्या खोऱ्यात तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. सकाळी दहाला गिरणीवाल्यांनी डबा वाजवला, म्हणजे पहिली रेघ. अकरा वर्षांनी वाजला, त्यामुळे लोकांना भीतीपेक्षा उत्साहच जास्त. गुरं निघाली, म्हातारी माणसं निघाली. सासूबाई जाताना मला चार सूचना आणि मिस्त्रींना एक टोमणा देऊन गेल्या, "आता भिंतींना मिठ्या मारत बसू नका, दुसरी रेघ झाली की निमूट या." माझी मुलगी वर शाळेतच होती. नवरा कामाच्या गावी. घरात उरलो मी आणि मिस्त्री.

ते ओट्यावर बसले, उठले, नदीवर जाऊन आले. पुन्हा बसले. मी कपडे आणि कागदपत्रं बांधत होते आणि मोजत होते. दोन तासांत ते सात वेळा गेले. जेवायला वाढलं तर पानात बोटं फिरवत राहिले.

"बाबा, बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय? सूनबाई, एक काम कर. पुलाखाली मोकळं किती राहिलंय ते बघून ये. नुसतं बघू नको, हात लावून बघ."

पुलावर जाऊन मी फळीच्या कडेला पालथी झाले आणि खाली हात घातला. चार बोटं. पाचवं बोट भिजलं. पाणी तांबडं, जड, आणि कुठलाच आवाज न करता सरकणारं. परत येताना गिरणीवरून आले. तिथं दुसरी रेघ पाण्याच्या वर चांगली वीतभर होती. मला काही केल्या मेळ बसेना. दुसऱ्या रेघेला पुलाखाली दीड फूट असायला हवं. अजून रेघ लागायची आहे आणि पुलाखाली चारच बोटं?

हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या भिजलेल्या बाहीकडे बघितलं.

"दगड बरोबर लागले," म्हणाले, "जोतं वर गेलं. दोन फूट." आणि मग सगळं सांगितलं, अगदी थोडक्यात, एखाद्याच्या घराला किती विटा लागतील हे सांगावं तसं.

मला आधी राग आला. मग भीती. मग एकदम लक्षात आलं की सकाळी दहाला डबा वाजला तीच खरी दुसरी रेघ होती. सगळ्यांनी तेव्हाच निघायचं होतं. दोन तास गेले. आणि हे माहीत असलेला एकमेव माणूस सात वेळा नदीवर जाऊन घरी येऊन बसला होता.

"बाबा, उठा."

"मी जाऊन काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंत तेच."

"माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? अकरा वर्षं ते दगडाकडे बघतायत."

"नाही ठेवला तर नाही ठेवला. पण तुम्ही नाही बोललात तर मी जाऊन बोलते, आणि मग लोक म्हणतील, मिस्त्रींनी सुनेला पुढे केलं."

हे त्यांना लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. त्यांनी खुंटीवरचा परांचीचा जाड दोर खांद्यावर घेतला आणि चालायला लागले.

गिरणीपाशी वीस-पंचवीस माणसं छत्र्या घेऊन उभी होती, वरातीला थांबल्यासारखी. गिरणीवाले डबा आणि काठी घेऊन तयारीत. शिंप्यानं पैज लावली होती की तीनच्या आत रेघ लागत नाही. शेळ्यावाल्या मावशी दोन गाभण शेळ्या घेऊन उभ्या होत्या. बाकीच्या त्यांनी सकाळीच वर पोचवल्या, या दोघी हळू चालतात म्हणून स्वतःबरोबर न्यायच्या होत्या. पळाकाकाही होते. म्हाताऱ्यांबरोबर सकाळी जायला त्यांनी साफ नकार दिला होता. "या जन्मात आता मी सगळ्यात शेवटी जाणार," म्हणाले होते.

"या मिस्त्री," गिरणीवाले म्हणाले. "तुमच्या रेघेची वाट बघतोय. वीतभर राहिलंय."

"ती रेघ खोटी आहे," मिस्त्री म्हणाले. "आत्ता निघा. सगळे."

कुणीतरी हसलं. "पळाकाका, तुमची गादी गेली बरं का!"

"हसू नका. भूकंपानंतर कोपरा रचला तेव्हा जोतं दोन फूट वाढवलं होतं. रेघा दोन फूट वर गेल्या. सकाळी तुम्ही डबा वाजवलात ती पहिली नव्हती. दुसरी होती."

गिरणीवाल्यांचा चेहरा उतरला, मग तापला. "अहो, तुम्ही तर जसाच्या तसा लावला म्हणालात!"

"जसाच्या तसाच लावला. जागा बदलली."

"आणि हे तुम्हाला आज कळलं?"

आता हा माणूस काय म्हणणार, याकडे माझे कान लागले होते. आज कळलं म्हणाले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. मीसुद्धा गप्प बसले असते, खरं सांगते.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तेव्हाच कळलं होतं. आठ दिवसांत. मी बोललो नाही. चुकलं माझं."

छत्र्यांखाली एकदम सगळे बोलायला लागले. अकरा वर्षं? आमची पोरंबाळं इथं झोपतात! कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय, जेवला नसेल सकाळपासून. शिंपी म्हणाला, "दगड खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. रेघ लागू दे, मग निघू."

मिस्त्री वाद घालत बसले नाहीत. पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेले, कोपऱ्याला गाल लावून उभे राहिले आणि उजवा हात भिंतीवरून खाली नेला. मनगट बुडालं. मग अर्धा हात. पाणी कोपराला टेकलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"इथं आहे," ते म्हणाले. "दुसरी रेघ इथं हवी होती. तुम्ही आत्ता तिच्यावर एवढं पाणी घेऊन उभे आहात."

ते तसेच उभे राहिले, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून. कुणी हसलं नाही.

"शिंपीदादा," मी म्हटलं, "पुलावर जाऊन या. माझ्यावर नको, दगडावर नको, फळ्यांवर तर विश्वास ठेवाल?"

शिंपी धावत गेला आणि पुलापर्यंत न जाताच वळणावरून ओरडत परत आला, "फळ्या भिजल्यात! मधली फळी हलतेय!"

"झालं," पळाकाका म्हणाले. "मी निघालो. आणि सगळ्यांनी नीट ऐकून ठेवा, या वेळी मी ओरडलेलो नाही."

मग जी धांदल उडाली ती मला नीट क्रमानं आठवत नाही. गिरणीवाल्यांनी डबा इतका बडवला की काठी मोडली. घराघरातून माणसं निघाली. मिस्त्रींनी पुलाच्या अलीकडच्या खांबाला दोर बांधला, दुसरं टोक कमरेला गुंडाळून शिंपी पलीकडे गेला आणि तो चिंचेला बांधून परत न येता तिथंच थांबला. दोराला धरून एकेक माणूस सोडायचं. मिस्त्री अलीकडे पाण्यात उभे, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "पायाकडे बघू नको. शिंप्याच्या तोंडाकडे बघ."

"त्यापेक्षा पाण्याकडे बघते," एक बाई म्हणाली, आणि तशाही स्थितीत लोक हसले.

पहिली वीसेक माणसं गेली तेव्हा पाणी फळ्यांवर बोटभर होतं. चाळीस गेली तेव्हा घोट्याशी. मावशींच्या शेळ्या फळीवर पाय ठेवेनात. ओढल्या, ढकलल्या, एकीला मी उचलायचा प्रयत्न केला. ती माझ्या हातून निसटून मागे पळाली आणि दुसरी तिच्यामागे.

"मावशी, सोडा त्यांना," मिस्त्री म्हणाले.

"गाभण आहेत रे त्या!"

"मावशी, जा."

मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी मान फिरवली. पण त्या गेल्या.

"सूनबाई, आता तू."

"आणि तुम्ही?"

"गिरणीवाले यायचेत."

खरंच, गिरणीवाले नव्हते. मी दोर धरून गेले. मधल्या फळीवर पाऊल टाकलं आणि ती माझ्याखालून जनावरासारखी सरकली. शिंप्याचं तोंड मी त्या दिवशी जितकं निरखून पाहिलं तितकं त्याच्या बायकोनंही पाहिलं नसेल. पलीकडे पोचून वळले तर अलीकडच्या काठावर मिस्त्री एकटेच. पाणी मांडीला लागलेलं. इकडून सगळे ओरडायला लागले, "मिस्त्री, या! या की!" ते हलले नाहीत. वरून एक ओंडका वाहत आला, पुलाला धडकला, क्षणभर अडकला आणि फळ्यांवरून पार झाला. दोर ताणला, सैल पडला.

मग वळणावर गिरणीवाले दिसले. खांद्यावर गिरणीचा जाडजूड पट्टा वेटोळं करून घेतलेला, धड चालता येत नव्हतं.

"टाका तो!" मिस्त्री ओरडले.

"नवा आहे!"

"पट्टा की तुम्ही? एकच पलीकडे जाईल!"

पट्टा पाण्यात पडला. मिस्त्रींनी त्यांना पुढे घातलं आणि स्वतः मागून, एक हात दोराला, एक त्यांच्या कॉलरला. मधल्या फळीशी गिरणीवाल्यांचा पाय गेला. ते कमरेपर्यंत खाली गेले. इकडून शिंपी आणि आम्ही पाच-सहा बायका दोर ताणून धरून होतो, तळहाताची सालं निघत होती. मिस्त्रींनी कॉलर सोडली नाही. ती फाटली, तेव्हा त्यांनी मानेचं कातडं धरलं म्हणा. दोघं सरपटत आले. चिखलात पडल्या पडल्या गिरणीवाले म्हणाले, "जोतं मीच उचलायला लावलं होतं." मिस्त्री धापा टाकत होते.

पूल पंधरा मिनिटांनी गेला. फार आवाज झाला नाही.

शाळेच्या व्हरांड्यातून गिरणीचा कोपरा दिसतो. आम्ही सगळे तिथंच उभे होतो. अडीचच्या सुमाराला शिंपी म्हणाला, "लागलं."

पाणी दुसऱ्या रेघेला लागलं होतं. आता निघायची वेळ झाली होती. ज्यांची पोरं जवळ होती त्यांनी ती आणखी जवळ घेतली. नंतर गिरणीची भिंत नदीच्या बाजूनं बसली आणि पाठोपाठ आळीतली सात घरं.

हेडबाईंनी हजेरीच्या वहीत सगळ्यांची नावं लिहून घेतली, दोनदा मोजलं, आणि वही मिटून खाली बसल्या. एकही माणूस कमी नव्हतं.

मिस्त्री व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसले होते. त्यांच्या आजूबाजूला चार माणसांची जागा मोकळी होती आणि व्हरांड्यात उभं राहायलाही जागा नव्हती. त्या दोन गोष्टी मला एकदमच दिसल्या. सासूबाई त्यांच्यापासून लांब, भिंतीकडे तोंड करून, ओल्या साडीचा पदर पिळत होत्या. रेघांचं सगळं मी त्यांना सांगून टाकलं होतं. मी उठणार तेवढ्यात शेळ्यावाल्या मावशी गर्दीतून वाट काढत बाकापाशी गेल्या.

"दोन गेल्या माझ्या, मिस्त्री."

"हो."

"सकाळी दहाला निघाले असते तर कोरड्या फळ्यांवरून गेल्या असत्या."

"हो, गेल्या असत्या."

"सात घरं पडली."

"हो."

"उद्यापासून ती कोण बांधणार?"

मिस्त्रींनी मान वर केली. "लोक म्हणतील तर मी बांधीन. पण आधी दुसऱ्या कुणाकडून माप तपासून घ्या."

"घेऊच," मावशी म्हणाल्या. "आता माझ्यासमोरच माप घ्यायचं, प्रत्येक थराला. आणि सरका तिकडे. सकाळपासून पाय टेकले नाहीत माझे."

ते सरकले. मावशी बसल्या. थोड्या वेळानं सासूबाई गेल्या, दुसऱ्या बाजूला बसल्या आणि पिळलेल्या पदरानं त्यांच्या उजव्या हाताचा कोपरापर्यंतचा चिखल पुसायला लागल्या.